चिंचखेड्याची जपानी डर्बी

“जपानले जे जमनं, ते चिंचखेडाले काबर नही जमाव?”

कौतिक टेलरच्या दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीत बसून पितांबर नानांनी हा सवाल टाकला, तेव्हा दुकानात कौतिक, त्याचं मशीन आणि शिवायला आलेली ब्लाउजं एवढाच श्रोतृवर्ग होता. तिघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही. नानांनी तो होकार धरला! नानांचं हे असंच. पारोळा तालुक्यात कापूस पिकवणारा साधा माणूस, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला गावातला एकही डॉक्टर पुरायचा नाही.

या खेपेला शिरली होती जपानी डर्बी. झालं काय, गेल्या साली नानांची मुलगी नूतन कॉलेजच्या सुट्टीत जळगावहून घरी आली होती. मोबाइलवर जपानी भाषा शिकत होती. नानांनी पावसाचा अंदाज बघायला फोन घेतला आणि समोर घोडेच घोडे! हिरवंगार मैदान, लाखभर माणूस, हातात गुंडाळलेले पेपर. आधी बँडची सलामी झाली, सगळ्यांनी त्या पेपरांनी तालात टाळ्या वाजवल्या, आणि मग घोडे असे सुटले की नानांच्या हातातला चहा नानांच्याच धोतरावर सांडला.

“नाना, ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची असते,” नूतनने सांगितलं. “म्हणजे घोड्याला ती आयुष्यात एकदाच धावता येते. हुकली की हुकली!”

“एकदाच?” नानांनी फोन आणखी जवळ धरला. “आनि जो हारना, तो?”

“तो घरी जातो.”

नानांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठले ते घोडी घ्यायचं ठरवूनच.

डिसेंबरात नाना सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेले. पांढरीशुभ्र, उंच मानेची एक घोडी पाहिली आणि तिथेच विरघळले. तरी माणूस व्यवहारी! चार प्रश्न विचारल्याशिवाय घेणार नाही.

“गर्दीले घाबरस का?”

“नाना, गर्दी जितकी जास्त तितकी ही खूश!” घोडीवाला म्हणाला.

“बँडले? फटाकाले?”

“अहो, त्यांच्याशिवाय तिचं पाऊल उचलत नाही!”

“वय?”

“दात बघून घ्या की!”

नानांना बैलाच्या दातांतलं कळत होतं. त्या हिशेबाने त्यांनी घोडीचं वय तीन वर्षं धरलं आणि सौदा केला. घोडीवाल्याने एका शब्दाने खोटं सांगितलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. विचारायचं ते नानांनीच विचारलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर नानांनी तिचं नाव ठेवलं साकुरा. जपानमधल्या फुलांचं नाव, नूतनने सुचवलेलं. नानांच्या बायकोने, म्हणजे धुरपदाबाईंनी, घोडीकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि पायांपाशी नजर थांबवली. खुरांच्या वर, घोट्याला, केस गोल झिजलेले होते.

“हाई ते लगीननी घोडी दिखस!” धुरपदाबाई म्हणाल्या. “घुंगरू बांधीबांधी केस गयात तिना.”

“घुंगरू नही ते! शर्यतना बूट ऱ्हातस, त्यान्या खुणा!” नाना म्हणाले. “तुले काय समजस जपानमधलं?”

धुरपदाबाईंना जपानमधलं समजत नव्हतं, गोठ्यातलं समजत होतं. साकुरासाठी त्यांच्या दोन म्हशी पत्र्याखाली बांधल्या गेल्या आणि गोठ्यात टेबल फॅन लागला. “मन्या म्हशी उन्हमा, आनि ही बया पंखाखाले!” त्या दिवसातून चार वेळा म्हणत. वर ही बया नानांच्या ताटातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाई आणि जेवण झालं की त्यांच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटून घेई. नाना तेवढा वेळ हलत नसत. मुंगी चावली तरी हलत नसत! इतकं प्रेम धुरपदाबाईंनी तीस वर्षांच्या संसारात स्वतःच्या वाट्याला आलेलं पाहिलं नव्हतं.

शेवटी एके दिवशी त्यांनी निकाल दिला. “आयका. डर्बी जिकनी ते ऱ्हाई. नही जिकनी, ते जठून उनी तठे धाडा. मंग मी आनि मन्या म्हशी सुखमा ऱ्हासूत.”

“जिकीच!” नाना छातीवर हात मारून म्हणाले. पण त्या रात्री ते गोठ्यात जरा जास्त वेळ बसले.

मग तालीम सुरू झाली. रोज पहाटे नाना साकुराला शेतरस्त्याने नेत. ती तीन पावलं डौलात टाके आणि थांबे. पुन्हा तीन पावलं, पुन्हा थांबे. मान वाकवून इकडे-तिकडे बघे, जणू कुणी फोटो काढतंय. बघणारे हसत. नाना हसत नसत. “दम राखी ऱ्हायनी ती!” ते सांगत. “जपानी घोडा बठ्ठा दम शेवटना टप्पाले काढस!”

डर्बीला बाकीचे घोडे हवे होते. पंचक्रोशीत घोडे कुणाकडे? पारोळ्याच्या सरदारभाईंकडे. त्यांच्या चार तांबड्या घोड्या. नानांनी त्यांना गोठ्यातच बोलावून घेतलं.

“नाना, मन्या घोड्या लगीनन्या शेतस,” सरदारभाई अवघडून म्हणाले. “पयानी, शर्यतनी सवय नही त्यासले.”

“घोडी ती घोडी! पाय चार शेतस ना?”

“ते शेतस,” सरदारभाईंना कबूल करावं लागलं. मग त्यांनी साकुराकडे पाहिलं, साकुराने त्यांच्याकडे पाहिलं आणि आनंदाने खिंकाळली. सरदारभाई काहीतरी बोलणार होते. पण नाना तिच्या कपाळावरून हात फिरवत “मनी वाघीण, मनी वाघीण” करत होते. ते बघून सरदारभाईंनी तोंड मिटलं आणि घोड्या द्यायचं कबूल करून ते निघून गेले.

जॉकी पन्नास किलोच्या आत हवा होता. गावातल्या तरुणांना कापसाच्या काट्यावर चढवून पाहिलं. शेवभाजीवर पोसलेली ती पोरं, काट्याने मान टाकली! तेवढ्यात कौतिक टेलर जॉकीचा हिरवा-गुलाबी पोशाख दाखवायला आला. नानांनी त्याला न विचारता काट्यावर उभा केला. गळ्यातल्या टेपसकट अठ्ठेचाळीस!

“नाना, मी जन्ममा घोडावर बठेल नही!” कौतिक किंचाळला.

“आनि लगीनमा?”

“लगीनमा मी सायकलवर गयथू!”

“मंग हौस फिटाडी ले आते!”

तारीख तर ठरलेलीच होती. जपानची डर्बी मेच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे चिंचखेड्याचीही. वेळही तीच धरायचा नानांचा हट्ट होता, पण ती आपल्याकडे भर दुपारी येत होती, आणि मे महिन्यात खान्देशात भर दुपारी धावायला माणूस काय, गाढवसुद्धा तयार होत नाही. म्हणून संध्याकाळ ठरली. शाळेच्या मैदानातून सुटायचं आणि गावाबाहेरच्या रस्त्याने मारुतीच्या देवळापाशी चुन्याची रेघ ओलांडायची. चाबूक कुणाच्याही हातात नाही, हा नानांचा कडक नियम होता.

तेवढ्यात तोताराम दारात उभा राहिला. त्याचं आणि नानांचं शेत बांधाला बांध. त्याच्या दिपमालाचं लग्न त्याच रविवारी, गोरज मुहूर्तावर, त्याच रस्त्यावरच्या कार्यालयात होतं.

“नाना, जावाई सावदाना शे. केळीवाला. त्याले मारुतीपासून मांडवलोंग पांढरीच घोडी जोयजे. फोटोमा पांढरीच शोभस म्हणे! तासभर तुम्हनी घोडी द्या.”

“तोताराम, काही बी माग! पन त्या दिन डर्बी शे. डर्बी आयुष्यमा एकदाच ऱ्हास!”

“मंग मन्ही पोरनं लगीन काय दर सालले शे?”

कोंडीत सापडले की नाना पाणी प्यायला आत जात, तसे ते गेले आणि तोताराम जाईपर्यंत पाणीच पीत राहिले.

रविवार उजाडला. संध्याकाळी मैदानावर ही गर्दी! बांबू आणि ठिबकच्या जुन्या नळ्या जोडून नानांनी सुटायचं फाटक केलं होतं. लोकांना गुंडाळायला रद्दी वाटली होती. नूतन माइकवर होती. जपानसारखी सलामी हवी म्हणून लोटन मास्तरचा बँड बोलावला होता. लोटनला फोनवरची सलामी ऐकवली, तेव्हा तो म्हणाला होता, “दोन मिनिटनं काम शे नाना! वाजाडसूत आनि तठूनच तोतारामना मांडवले जासूत.”

पाच घोड्या फाटकात उभ्या राहिल्या. चौघींवर सरदारभाईंची माणसं, साकुरावर कौतिक. डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट, डोळे मिटलेले, ओठांवर मारुतीस्तोत्र. धुरपदाबाई लग्नाचं नेसून आल्या होत्या, इथून तिकडेच जायचं म्हणून. नानांनी साकुराच्या कानात सांगितलं, “पय माय. नही ते तुनं-मनं काही खरं नही.”

आणि त्यांनी हात वर केला. लोटनने सलामी सोडली!

पहिले चार सूर जपानी होते. पाचव्या सुराला क्लॅरिनेटवाल्याची बोटं सवयीने वरातीकडे वळली, मागोमाग ढोल वळला, आणि नानांनी दोरी ओढली. फाटक धाडकन उघडलं.

एकही घोडी बाहेर आली नाही.

पाचही नाचत होत्या! साकुरा तर मागच्या दोन पायांवर उभी राहून अशी झुलत होती की लोकांनी रद्दी फेकून शिट्ट्याच सुरू केल्या. कौतिकने तिच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. कुणा आजोबांनी सवयीने दहाची नोट काढून घोडीवरून ओवाळली.

“शर्यत सुरू झालेली आहे!” नूतन माइकवर ओरडली. “पहिल्या क्रमांकावर... सगळ्याच! साकुरा वर! साकुरा खाली! साकुरा पुन्हा वर! पुढे मात्र एक बोटसुद्धा नाही!”

“बँड बंद करा!” नाना धावले. “बंद करा रे भो!”

बँड बंद झाला. पाचही घोड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कौतिकने एक डोळा उघडून “उनी का रेघ?” असं विचारलं आणि पुन्हा मिटला. नानांनी ढकललं, चुचकारलं, भाकरी दाखवली. साकुरा हलेना.

सरदारभाई हळूच जवळ आले. “नाना, लगीननी घोडी शे. बँड वाजना ते नाचस. बँड थांबना ते थांबस. बँड चालना ते त्यान्या मांगे चालस. मीच शिकाडेल शे तिले.”

“तिले? साकुराले?”

“मनीच व्हती ती. शबनम. मी इकी टाकेल घोडी तुम्ही बाजारमाईन लई उनात.”

“मंग पहिले सांगं काबर नही?” नानांनी विचारलं.

“तुम्ही तिले कुरवाळी ऱ्हायंतात नाना. इतला खूश माणूस मी बठ्ठ्या वरातीसमा दखेल नही. कसं सांगाव?”

“बरं, तीन वरीसनी ते शे ना?”

सरदारभाई आभाळाकडे बघू लागले.

नाना मटकन खाली बसले. समोर धुरपदाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. गोठ्यातला पंखा, खांद्यावरची ती जड, उबदार मान, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

“नाना, आम्ही निघतस,” लोटन मास्तर म्हणाला. “मांडवले टाइम व्हयना.”

बँड वाजत रस्त्याला लागला. आणि त्याच्यामागे पाचही घोड्या फाटकातून बाहेर पडल्या! रस्ता तोच! नाना तीरासारखे उठले.

“लोटन! पय! पयत वाजाड!”

“नाना, ढोल शे गयामा!”

“दुप्पट बिदागी! पय रे बाबा!”

बँड धावू लागला. ढोलवाल्याचा ढोल गुडघ्यांवर आपटून स्वतःच वाजत होता. क्लॅरिनेटवाला दर चार पावलांना एक सूर काढी आणि दोन श्वास घेई. पण घोड्या दुडक्या चालीने निघाल्या, आणि सगळ्यांत पुढे साकुरा! “पयनी! पयनी मनी वाघीण!” नाना धोतराचा सोगा हातात धरून बाजूने धावत होते. मागे सारा गाव. नूतन मोपेडवर मागे बसून माइकमध्ये ओरडत होती, माइकची वायर शाळेतच तुटून राहिली आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे मारुतीचं देऊळ दिसू लागलं, रेघही दिसू लागली, आणि...

आणि वाटेत कार्यालय आलं. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, दारात रांगोळी. साकुराने ते पाहिलं, बँडलाही मागे टाकून वळली, आणि थेट मांडवाच्या दारात जाऊन मान वाकवून उभी राहिली.

दारात बायका आरतीची ताटं घेऊन खोळंबलेल्याच होत्या. पांढरी घोडी आली, वर रेशमी कपड्यातला माणूस आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. एकीने कुंकू लावलं. दुसरीने पायांवर पाणी घातलं. तिसरीने ओवाळायला ताट वर केलं आणि हेल्मेटच्या आत नीट बघितलं. ही तिसरी म्हणजे सुनंदाबाई. कौतिकची बायको!

“तुम्ही?” सुनंदाबाईंनी ताट खाली घेतलं. “कोनसंगे लगीन करी ऱ्हायनात?”

“मन्हं काही चालत नही ओ! घोडीनं चाली ऱ्हायनं!” कौतिक रडकुंडीला आला.

“उतरा खाले!”

कौतिक उतरला, खरं तर सांडला. सुनंदाबाईंनी त्याची रेशमी कॉलर धरली ती सोडलीच नाही. बाकीच्या चार घोड्या तोवर येऊन केळीच्या खांबांची पानं खाऊ लागल्या होत्या. म्हणजे रेघ कुणीच ओलांडली नव्हती! नानांची आशा पुन्हा फडफडली.

“कौतिक, बठ वर! थोडंसंच राही गयं!”

“नही बठाव ते!” सुनंदाबाईच म्हणाल्या.

तेवढ्यात तोताराम घामाघूम होऊन धावत आला. “नाना, जावाई तेजसराव मारुतीन्या पायरीवर बठी गयात! पांढरी घोडी नही ते मांडवमा येवाव नही, म्हंतस. मुहूर्त जाई ऱ्हायना! पोर मांडवमा रडी ऱ्हायनी...” आणि त्याने हात जोडले.

नानांनी मारुतीकडे पाहिलं. रेघेपलीकडेच पायरी होती.

“नाना, नियम लक्षात आहे ना?” नूतन मोपेडवरून उडी मारून म्हणाली. “जॉकीशिवाय घोडी रेघेपार गेली तर बाद! थांबा जरा, मी दुसरा जॉकी शोधते.”

नाना थांबले. आतून दिपमालाचा हुंदका ऐकू आला. लहानपणी ही पोर बांधावरून नानांच्या शेतातल्या शेंगा खायला यायची. नानांनी साकुराच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

“चाल माय,” ते म्हणाले. “तुनी डर्बी गयी. कोनं ते लगीन व्हऊ दे.”

त्यांनी लगाम धरला, लोटनने उरलासुरला दम फुंकला, आणि साकुरा मोकळ्या पाठीने, तीन पावलं टाकत, तीन पावलं नाचत, चुन्याची रेघ ओलांडून गेली. नानांनी रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना डोळ्यांतल्या पाण्यातून काही दिसत नव्हतं.

सावद्याचे तेजसराव चढले. मग साकुरा अशी नाचली, अशी नाचली, की नवरदेवाकडे कुणी बघेना! वरात मांडवाच्या दारी आली, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. नाना एका कोपऱ्यात लगाम धरून उभे होते. बायकांचा एक घोळका धुरपदाबाईंभोवती जमलेला त्यांना दुरून दिसला. आता ही येणार आणि निकाल देणार, हे ओळखून त्यांनी मान खाली घातली.

धुरपदाबाई आल्या. “रेघ पहिले कोनी ओलांडी?”

“साकुरानी. पन वर जॉकी नव्हता. जपानना नियमखाले ती बाद...”

“जपानना नियम जपानमा!” धुरपदाबाई गरजल्या. “एक बी दुसरी घोडी रेघलोंग उनी का? नही! मंग मन्ही घोडी जिकनी!”

नानांनी झटकन वर पाहिलं. “तुन्ही घोडी?”

“मंग कोनी? पुढला बठ्ठ्या लगीनतिथीसले तिले सांगी ठेवेल शे लोकेसनी. पारोळा, अमळनेर, एक ते धुळानी पार्टी शे! मी हो म्हनी टाकं.” त्यांनी साकुराच्या मानेवरून, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, हात फिरवला. “चाल सखू, पंखाखाले चाल. दमी गयी माय मनी.”

अशी साकुरा राहिली. नानांना रडावं की हसावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. म्हशींसाठीही एक टेबल फॅन आला. हल्ली लग्नतिथीच्या दिवशी संध्याकाळी वरातीपुढे एक गृहस्थ लाल फेटा बांधून लगाम धरून चालताना दिसतात. कुणी विचारलंच, “नाना, ही तीच का शर्यतवाली?” तर ते सांगतात, “दम राखी ऱ्हायनी ती!”

जपानी डर्बी नाना अजूनही बघतात. रोज रात्री गोठ्यात, मोबाइलवर, साकुराची मान खांद्यावर घेऊन. फक्त आवाज बंद ठेवून. कारण मागे एकदा चुकून आवाज राहिला, सलामी वाजली, आणि गोठ्यातला पंखा, कडब्याची गंजी आणि नानांचे समोरचे दोन दात एकाच वेळी खाली आले!